‘अनियंत्रित वाढ’ म्हणजे नेमके कशाचे नियंत्रण सुटते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगावर वर्तमानपत्रात काहीही छापून आले, की त्यात एक वाक्य हमखास असते : ‘कर्करोग म्हणजे पेशींची अनियंत्रित वाढ.’ वाक्य चूक नाही. पण नियंत्रण सुटले म्हणायचे तर ते आधी कोणाच्या हातात होते, कसे चालत होते आणि नेमके कुठे सुटले, हे कोणी सांगत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या प्रश्नांची बरीचशी उत्तरे हाती आली आहेत, आणि रुग्णाला कोणती गोळी लागू पडेल हे आज पुष्कळदा त्याच उत्तरांवर ठरते. तंबाखू, मावा, सुपारी आणि मिश्री घराघरांत असलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा विषय केवळ परीक्षेपुरता राहू नये असे आम्हाला मनापासून वाटते. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

सुरुवात गाठीपासून नको, धडधाकट शरीरापासून करू. मूल वाढते तसे त्याचे दोन्ही हात वाढतात. उजव्याला डाव्याची लांबी कोणी मोजून सांगत नाही, तरी वयात आल्यावर दोन्हींत फरक उरतो तो काही मिलिमीटरचा. मोठ्या माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो भरते. जवळच्या नातेवाइकाला यकृत देणाऱ्या माणसाचा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून जास्त यकृत, काढून घेतात. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी विभागत जातात, तो भाग मोठा होतो आणि काही महिन्यांत जवळजवळ पहिल्या वजनाला येऊन थांबतो. रॅट जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरात हे काम सात ते दहा दिवसांत उरकते. हिगिन्स आणि अँडरसन यांनी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून ते १९३१ सालीच दाखवले होते. पेशी वाढतात यात विशेष काही नाही, वाढणे हा त्यांचा स्वभावच आहे. नेमक्या मापाला येऊन त्या थांबतात, हे विशेष.

माप कुठे ठेवलेले असते? ऑस्ट्रेलियातल्या डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर दोन साधे प्रयोग केले. उंदराच्या गर्भातल्या अनेक थायमस ग्रंथी त्यांनी एकाच उंदरात बसवल्या, तेव्हा त्यातली प्रत्येक आपापल्या पूर्ण आकाराची झाली. तसेच अनेक प्लीहा बसवल्या, तर प्रत्येक छोटीच राहिली आणि सगळ्यांचे वजन मिळून एका प्लीहेइतके भरले. म्हणजे थायमस आपले माप स्वतःजवळ बाळगते आणि प्लीहा ते शरीराला विचारते. एकच नियम सगळ्या अवयवांना लावता येत नाही, हे इथेच ध्यानात ठेवलेले बरे. पुढे औषधांच्या बाबतीत तेच आडवे येते.

बाकीचे उत्तर एका माशीने दिले. इथे शब्दांचा घोळ होतो म्हणून सांगतो. आपला डाळिंब-पेरूवाला शेतकरी ज्या फळमाशीसाठी सापळे लावतो, ती ही नव्हे. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांच्या घडावर घोंघावणारी, दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची माशी. घरात आपण तिला चिलट म्हणून मोकळे होतो. तिच्या अळीच्या अंगात पुढे पंख होणारी एक चपटी पिशवी असते. सुरुवातीला तिच्यात पन्नासच्या आसपास पेशी असतात. चारेक दिवसांत नऊ-दहा विभाजने होऊन त्यांच्या तीस ते पन्नास हजार होतात, आणि मग विभाजन थांबते. डावा आणि उजवा पंख एकमेकांना जुळतात.

एखादे जनुक बिघडवले तर हे थांबणे बंद पडते का, हे शोधताना १९९५ साली दोन प्रयोगशाळांना असे एक जनुक सापडले. ते गेले की माशीच्या अंगावर चामखिळीसारखे उंचवटे येत, म्हणून त्याचे नाव पडले वॉर्ट्स. २००३ साली आणखी एक मिळाले. ते बिघडलेल्या माशीचे डोके काळपट, सुरकुतलेले आणि फुगीर दिसे, म्हणून त्याला पाणघोड्यावरून हिप्पो म्हटले. २००५ साली या ओळीतले शेवटचे प्रथिन, यॉर्की, हाती लागले आणि साखळी जोडली गेली. माणसात हीच साखळी आहे, नावे तेवढी निराळी : हिप्पोच्या जागी एमएसटी, वॉर्ट्सच्या जागी लॅट्स आणि यॉर्कीच्या जागी याप.

ती अशी चालते. एमएसटी हे प्रथिन लॅट्सला फॉस्फेटचा एक गट चिकटवते. त्यामुळे जागे झालेले लॅट्स तसाच गट यापला चिकटवते. फॉस्फेट लागलेल्या यापला पेशीच्या केंद्रकात जाता येत नाही. दुसरी प्रथिने त्याला बाहेरच धरून ठेवतात आणि पुढे त्याचा निकाल लागतो. फॉस्फेट लागले नाही, तर याप केंद्रकात शिरते. ते स्वतः डीएनएला धरू शकत नाही, म्हणून डीएनएवर आधीच बसलेल्या टीड नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि ‘विभागा, मरू नका’ सांगणारी जनुके चालू होतात. विद्यार्थ्यांची गफलत होते ती इथेच. ही साखळी चालू असली की वाढ बंद, आणि साखळी तुटली की वाढ चालू. म्हणून वॉर्ट्स किंवा हिप्पो गमावलेली माशी फुगते आणि यॉर्की गमावलेली खुरटते.

उंदरात हे तपासले गेले २००७ साली. यकृतात याप जास्त बनेल, आणि तेही पाण्यातून औषध देऊन हवे तेव्हा चालू-बंद करता येईल, असे उंदीर तयार केले. एरवी उंदराचे यकृत त्याच्या वजनाच्या पाचेक टक्के असते. याप चालू केल्यावर काही आठवड्यांत ते पंचवीस टक्क्यांच्या घरात गेले. अख्खे पोट यकृताने भरले. औषध बंद केले, तसे यकृत पुन्हा मूळ मापाकडे आले. याप चालूच ठेवले तेव्हा मात्र त्यात गाठी झाल्या आणि त्या कर्करोगाच्या होत्या. अवयवाचे माप ठरवणारी कळ आणि कर्करोगाची कळ एकच निघाली.

ही कळ कोण दाबते? मुख्यतः शेजारच्या पेशी. काचेच्या बशीत निरोगी पेशी वाढवल्या तर त्या एकेरी थर करून तळ झाकतात आणि एकमेकींना लागल्या की थांबतात. विरळ असताना त्यांच्यातले याप केंद्रकात दिसते, दाटी झाली की बाहेर. पेशीच्या कडेला असलेली काही प्रथिने शेजारणीचा हात धरतात आणि ‘जागा भरली’ ही खबर आत पोचवतात. फॅट हे त्यातलेच एक. माणसातल्या त्याच्या भावंडाचे नाव फॅट-१. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत, एकमेकींच्या डोक्यावर चढतात. दुसरी खबर येते पायाखालून. तळ मऊ असेल तर याप बाहेर राहते, कडक असेल तर आत जाते. इटलीतल्या पाडुआच्या संशोधकांनी २०११ साली हे दाखवले. हाताला सुरी लागली की कडेच्या पेशींना शेजार उरत नाही, याप आत जाते, जखम भरून येते आणि शेजार जुळला की याप बाहेर पडते. आपल्याला ते रोज लागते. म्हणूनच यापला सरसकट बंद पाडणारे औषध सोपे नाही. याप-टीडची जोडी तोडणाऱ्या औषधांच्या माणसांवर चाचण्या चालू आहेत, पण त्यात काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, कारण मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशींनाही याप हवे असते.

इथेच संपादक म्हणून आपल्याला एक विनंती. ‘कर्करोगावर औषध सापडले’ असा मथळा देण्याआधी बातमीदाराने एकच गोष्ट विचारावी : बशीतल्या पेशींत, उंदरात की माणसात? हळदीतला कर्क्युमिन बशीत अनेक संदेशसाखळ्या दाबतो हे खरे आहे. पण तोंडाने घेतलेला कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडा उतरतो, त्यामुळे बशीतले प्रमाण गाठीपर्यंत पोचत नाही. ‘हळदीने कर्करोग बरा’ असे वाचून चालू उपचार सोडणारा माणूस गाठीला काही महिने आयते देतो.

हिप्पो ही काही एकटी साखळी नाही. बाहेरून ‘वाढा’ असा निरोप आला, तर तो आत नेणारी दुसरी आहे. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर, हर-२ असे ग्राही असतात. निरोप त्यांच्यावर येऊन बसतो, ते आतल्या रास या प्रथिनाला चालू करतात आणि रास तो पुढे ढकलते. निरोगी रास क्षणभर चालू राहून स्वतःच बंद होते. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतले रासचे जनुक निरोगी जनुकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिले, तेव्हा फरक सापडला तो एका अक्षराचा. त्यामुळे रास प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन बसले होते. तेवढ्यावर रासला बंद होता येईना. बाहेरून निरोप नसला तरी आत ‘वाढा’ चालूच.

आतड्याच्या अस्तरात विंट नावाची साखळी चालते. तिथले एपीसी हे आवरते प्रथिन गेले की आधी पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा उंचवटा, येतो आणि बहुधा काही वर्षांनी कर्करोग. आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात अशीच होते. हेजहॉग ही साखळी गर्भात चेहरा आणि मेंदू दोन बाजूंना वेगळे करते. ती कशी उमगली, हे मेंढपाळांच्या आपल्या जिल्ह्यात सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या आयडाहो भागात मेंढ्यांना एकाच डोळ्याची, तोही कपाळाच्या मधोमध असलेली कोकरे होऊ लागली. शोध घेता गाभण मेंढ्यांनी साधारण चौदाव्या दिवशी खाल्लेली एक रानटी लिली कारण निघाली. तिच्यातले रसायन हेजहॉग साखळी बंद पाडते. पुढे तीच साखळी नको तेव्हा चालू राहिली तर त्वचेचा एक कर्करोग होतो हे कळले, आणि ती बंद करणारे व्हिस्मोडेजिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. गर्भाला घातक ते गाठीलाही घातक. म्हणून हे औषध गरोदर स्त्रीला चुकूनही चालत नाही.

आता ‘अनियंत्रित’चा हिशेब मांडता येतो. रास किंवा हर-२ चालू राहणे म्हणजे वाढीचा निरोप थांबत नाही, आणि त्याला जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतला बिघाड पुरतो. आवरणाऱ्या जनुकांच्या मात्र बहुधा दोन्ही प्रती जाव्या लागतात, कारण एक उरली तरी काम भागते. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचा अभ्यास करून हा ‘दोन घावां’चा विचार मांडला. ज्या मुलांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते त्यांना गाठ लवकर येते, आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत.

यावरचा पहारेकरी म्हणजे पी-५३ हे प्रथिन. सोलापूरच्या माणसाला तो यंत्रमागावरून चटकन समजेल. आडवा धागा तुटला की मागावरचा काटा खाली पडतो आणि माग थांबतो; कामगार धागा सांधतो आणि मगच माग पुन्हा चालू होतो. डीएनए तुटला की पी-५३ पेशीचे विभाजन थांबवते. दुरुस्ती झाली तर पुढे, नाही तर पेशी स्वतःला संपवते. हा काटाच अडकला, तर माग चालत राहतो आणि वारामागून वार चुकीचे कापड निघत जाते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी-५३ बिघडलेले सापडते. हत्तीच्या पेशीत या जनुकाच्या सुमारे वीस प्रती आहेत. इतके मोठे शरीर आणि इतके आयुष्य असूनही हत्तींना कर्करोग कमी होतो, त्यामागचे हे एक कारण असावे असे २०१५ पासून मानले जाते.

यातले आपल्या तोंडाशी काय येते? शब्दशः तोंडाशीच. भारतातल्या तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाच्या आणि हिरड्यांच्या कर्करोगाची जनुकीय पाहणी पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या आणि नवी मुंबईतल्या संस्थांनी मिळून केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात पुन्हा पुन्हा बिघडलेली जी जनुके सापडली, त्यांत पी-५३ आहे, रास जनुकांपैकी एक आहे, नॉच-१ आहे आणि वर सांगितलेले फॅट-१ आहे. चिलटाच्या पंखाला ‘पुरे’ म्हणणाऱ्या जनुकाचे भावंड आपल्या माणसांच्या गालात तुटलेले सापडते. नॉचचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तोंडाच्या अस्तरात नॉच आवरण्याचे काम करते, तिथे ते गेले की बिघडते. पण रक्ताच्या एका कर्करोगात तेच नॉच जास्त चालू राहिल्याने आजार होतो. ‘अमुक साखळी वाईट’ असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

तंबाखूतली नायट्रोसामाइन रसायने डीएनएला चिकटतात आणि दुरुस्ती झाली नाही, तर डीएनएची नक्कल होताना अक्षर चुकते. सुपारीचे काम वेगळे आहे. तिच्यातले अॅरेकोलिन आणि सततची चुरचुर यामुळे गालाखालच्या थरात टीजीएफ-बीटा या निरोप देणाऱ्या प्रथिनाची साखळी वाढते, कोलॅजन या प्रथिनाचे धागे साचतात, ते जिरत नाहीत. मऊ गाल चिवट पट्ट्यांसारखा कडक होतो, तिखट लागले की जळजळतो आणि तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगाआधीची अवस्था. घरी तपासायला काही लागत नाही : आपल्याच हाताची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन जात असतील तर ठीक. दोनच जात असतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे आणि मावा, सुपारी त्याच दिवशी बंद करावी. साचलेले धागे पूर्ण जात नाहीत, पण पुढचे साचणे थांबते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती दुखो वा न दुखो, यातून तुकडा काढून तपासलाच पाहिजे. मिश्री लावणाऱ्या बायका ‘दुखत नाही’ म्हणून थांबतात, आणि सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. तुकडा काढल्याने तोंडातला आजार पसरतो ही भीती निराधार आहे. पसरायला वेळ मिळतो तो वाट पाहण्याने.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर बिघाड करणारा बाहेरून येतो. एचपीव्ही विषाणूची दोन प्रथिने, ई-६ आणि ई-७, पेशीतले दोन पहारेकरी निकामी करतात : ई-६ पी-५३चा नाश घडवते, ई-७ आरबी या दुसऱ्या आवरत्या प्रथिनाला पकडून ठेवते. यावरचे जगात दाखले दिले जाणारे काम आपल्या शेजारी झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. या विषाणूवरची पुण्यात बनलेली लस आता मिळते. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. तसेच हिपॅटायटिस ‘ब’ची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. वर्षानुवर्षे सुजून कडक झालेल्या यकृतात गाठ धरते, त्याचे एक मोठे कारण या लसीने टळते.

आता उपचार. साखळीतला नेमका बिघाड कळल्याशिवाय नेमके औषध लागू पडत नाही. आतड्याच्या कर्करोगात ईजीएफआर अडवणारे सेटुक्सिमॅब देतात, पण रास तपासल्याशिवाय देऊ नये. ईजीएफआर वर आहे आणि रास त्याच्या खाली. खालचीच कळ अडकून चालू असेल, तर वरचे दार लावून उपयोग होत नाही. रुग्णाच्या पदरी अंगावरचे पुरळ आणि खर्च तेवढा पडतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बीसीआर-एबीएल हे बंद न होणारे प्रथिन तयार होते. २००१ साली आलेले इमॅटिनिब हे औषध नेमके त्यालाच अडवते. बहुतेकांना रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासह. उपाशीपोटी घेतली की उलटी होते, म्हणून लोक मधून मधून गोळी टाळतात, आणि बरे वाटू लागले की आणखी टाळतात. दहात एक गोळी चुकली तरी आजार खोलवर दबत नाही असे दिसून आले आहे. दबलेल्या आजारातल्या पेशी मेलेल्या नसतात, त्यांच्या कळीवर फक्त बोट ठेवलेले असते. दर तीन महिन्यांची रक्तातली बीसीआर-एबीएल तपासणी त्यासाठीच असते.

स्तनाच्या गाठीचा अहवाल हातात आला की त्यात तीन नोंदी शोधाव्यात : ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राही), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राही) आणि हर-२. ईआर एक टक्का किंवा त्याहून जास्त पेशींत असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी पाच ते दहा वर्षे घेण्याचा विचार होतो. हर-२ समोर ० किंवा १+ असेल तर नाही, ३+ असेल तर आहे. २+ लिहिले असेल, तर ते अर्धे उत्तर आहे. फिश ही हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी पुढची तपासणी मागावीच लागते. २+ ला ‘नाही’ समजून फाईल बंद झाली, तर ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ अडवणाऱ्या औषधाचा लाभ होऊ शकणारी बाई त्याला मुकते.

हे सगळे ज्यावर उभे आहे तो गाठीतून तपासणीसाठी काढलेला तांदळाएवढा किंवा लिंबाएवढा तुकडा, आणि आमची खरी कळकळ त्याच्यासाठी आहे. शरीराबाहेर आलेल्या तुकड्याला रक्त नसते, पण त्याची विकरे चालू असतात. ती ग्राही आणि डीएनए दोन्ही खात सुटतात. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांच्या सोलापुरी उन्हात हे आणखी वेगाने होते. करमाळा, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून कोणाच्या पिशवीत सलाइनच्या बाटलीतून आलेला तुकडा शहरात पोचेपर्यंत कुजू लागलेला असतो. मग ईआर ‘निगेटिव्ह’ येते, आणि ते गाठीमुळे की बाटलीमुळे हे कोणालाच सांगता येत नाही.

करायचे ते असे. तुकडा निघाल्यापासून तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन या कुजणे थांबवणाऱ्या द्रवात पडला पाहिजे, आणि द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा. एक लिटर करायला बाजारातले ३७-४० टक्क्यांचे फॉर्मालिन १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. क्षार वगळून नुसते पाणी घातले, तर ठेवल्या ठेवल्या फॉर्मिक आम्ल तयार होते, तुकड्यावर तपकिरी कण बसतात आणि डीएनए तुटतो. फॉर्मालिन आत शिरते ते ढोबळमानाने तासाला मिलिमीटरभर. म्हणून अख्खा स्तन किंवा मोठी गाठ तशीच बुडवली, तर बाहेरून टिकते आणि मधोमध सडते. शक्य तितक्या लवकर ती पावाप्रमाणे चिरून, कापांमध्ये जाळीचे कापड घालून बुडवावी. बुडलेली राहावी सहा तासांपेक्षा जास्त आणि बहात्तर तासांच्या आत. शुक्रवारच्या शस्त्रक्रियेचा तुकडा सोमवारच्या सुट्टीमुळे मंगळवारी उघडला, की ही मर्यादा ओलांडली जाते आणि ग्राही झाकले जातात. बाटली रुंद तोंडाची हवी; अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत जातो, पण घट्ट झालेला बाहेर येत नाही. मानेची गाठ असेल आणि क्षयाची शंका असेल, तर एक वेगळा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये त्याच दिवशी पाठवावा, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तर त्यातला डीएनए तपासणीलायक राहत नाही, हे प्रयोगशाळेला आधी सांगावे.

नातेवाइकांनी अहवालाबरोबर मेणातला ब्लॉक, म्हणजे तुकडा ज्यात बसवलेला असतो ती मेणाची वडी, मागून घ्यावा आणि मुंबई-पुण्याला जाताना तो बरोबर न्यावा. काचपट्ट्या पुरत नाहीत. पुढची प्रत्येक तपासणी ब्लॉकमधून नवा काप काढूनच होते. उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण वितळते. तुकड्याच्या बाटलीवर, झाकणावर नव्हे, कारण झाकणे बदलली जातात, रुग्णाचे नाव, कोणत्या बाजूचा कोणता भाग, आणि दोन वेळा लिहाव्यात : तुकडा किती वाजता निघाला आणि किती वाजता फॉर्मालिनमध्ये पडला. पेनाची शाई फॉर्मालिनने पुसली जाते. कागदावर शिसपेन्सिलीने लिहून तो चिकटवावा.

आपले,
जीवशास्त्र व विकृतिशास्त्र शिकवणारे काही अध्यापक,
सोलापूर